धरणाच्या काठाला मुलांना घेऊन तंबू ठोकायचाय, पाण्यात उतरू द्यावं का?

फोंड्याची_आई

नमस्कार सगळ्यांना. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तीन कुटुंबं मिळून एक रात्र कुठल्यातरी धरणाच्या काठाला तंबू लावून राहायचं म्हणतोय. मोठी माणसं सहा आणि मुलं पाच, सगळ्यात लहान ६ वर्षांचा आणि सगळ्यात मोठी १४ ची. समुद्र मुलांनी पोटभर बघून झालाय, आता त्यांना रान हवंय, चांदणं हवंय, चुलीवरचं जेवण हवंय आणि खरं सांगायचं तर मलाच जास्त हवंय कारण लहानपणी आजोळी अंगणात झोपायचो ते माझ्या मुलांना कधी मिळालंच नाही.

गोव्यातली अंजुणे, साळावली, चापोली आणि मये अशी चार नावं डोक्यात आहेत. चोर्ला घाटातून बेळगावला जाताना वरून अंजुण्याचं पाणी दिसलं होतं, तेव्हापासून ते मनातून जात नाही.

विचारायचं हे की तंबू कुठे लावू देतात, परवानगी कोणाकडे मागायची, आणि मुख्य म्हणजे मुलांना पाण्यात उतरू द्यायचं की नाही. पाचातली तिघं दोन सुट्ट्या पूलमध्ये पोहायला शिकलीत, २५ मीटर न थांबता जातात. नवऱ्याचं म्हणणं लाटा नाहीत, ओढ नाही, समुद्रापेक्षा धरण कधीही बरं. माझं मन तयार होत नाही पण का ते नीट सांगता येत नाहीये. ज्यांनी खरंच असं केलंय त्यांनी सांगा प्लीज.

केरीकार

ताई, मी केरीचाच, अंजुणे धरण आमच्या पायाखालचं म्हटलं तरी चालेल म्हणून लिहितो.

आधी परवानगीचं बघा. धरणाची भिंत, काठ आणि पाणी जलस्रोत खात्याचं, आणि वरचं बरंचसं रान म्हादई अभयारण्यात जातं म्हणजे तिथे वन खातं. कोणी एजंट फोनवर "आपलीच जागा आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणाला तर त्याला लेखी परवानगीचा फोटो पाठवायला सांगा, नाही पाठवला तर समजून जा. अभयारण्यात रात्री परस्पर तंबू ठोकता येत नाही आणि आग तर अजिबात नाही. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईचे डोंगर दिवसचे दिवस जळत होते, आम्ही रात्री अंगणात उभे राहून डोंगरावरची आगीची माळ बघायचो आणि काही करता येत नव्हतं, त्यामुळे आता रानात कुठे धूर दिसला की गावातली माणसंच आधी विचारायला येतात.

माझं ऐकाल तर काठाचा नाद सोडा आणि सत्तरी तालुक्यात कोणाच्या तरी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, तंबू लावा. पोफळींच्या मधे सावली, बाजूने पाटाचं पाणी घोट्याएवढं वाहतं, त्यात सहा वर्षांचा मुलगा दिवसभर बसला तरी तुम्हाला धाकधूक नाही. संडास-बाथरूम घरमालकाचं, चूल त्यांच्याच अंगणातली, आणि रात्री काही झालं तर हाक मारायला माणूस आहे. धरण काय, सकाळी जाऊन बघून यायचं.

आता जे बाहेरच्यांना सहसा कोणी सांगत नाही ते सांगतो. माकडताप. सत्तरीत २०१५ पासून ह्याने माणसं गेलीत, आणि डिसेंबर ते मे हाच त्याचा हंगाम म्हणजे तुम्ही येताय तेव्हाच. हा रोग गोचिडीतून येतो पण गुरांच्या कानाला फुगून लटकलेली असते ती गोचीड डोळ्यासमोर आणू नका, ह्या दिवसांत चावतं ते तिचं पिल्लू, मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक, कपड्यावर बसलं तर धूळ वाटेल. ती असते सुक्या पाचोळ्यात. म्हणून मुलांना पाचोळ्यावर बसू देऊ नका, लाकडं गोळा करायला रानात पाठवू नका, फुल पँट आणि ती मोज्यात खोचलेली, अंगाला लावायचं तेल वाळपईच्या आरोग्य केंद्रात विचारा. संध्याकाळी उजेड असतानाच प्रत्येक मुलाचं अंग बघायचं, कानामागे, काखेत, जांघेत, केसांच्या कडेला, नंतर साबण लावून गरम पाण्याने आंघोळ आणि ते कपडे वेगळ्या पिशवीत. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही. रानात मेलेला माकड दिसला तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. आणि घरी गेल्यावर आठवडाभरात कोणाला जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं झालं तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की आम्ही सत्तरीच्या रानात होतो.

घाबरवायला नाही लिहिलं. याच तुम्ही, आमचा गाव बघण्यासारखाच आहे.

सांग्याचा_भाचा

साळावलीबद्दल मी सांगतो, माझ्या आईचं माहेर पाण्याखाली आहे.

माझी आजी कुर्डीची. गायिका मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी ती हीच. साळावली धरण बांधायचं ठरलं तशी ऐंशीच्या दशकापर्यंत सगळी घरं उठवून वाडे आणि वालकिणीला नेली आणि गाव बुडाला. दरवर्षी मे महिन्यात पाणी खाली जातं, सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि त्या काही दिवसांत आम्ही सगळे तिथे जमतो, हिंदू देवळाकडे, ख्रिस्तांव आपल्या कपेलाकडे, पोरांना घराच्या जागा दाखवतात.

काही वर्षांपूर्वी आजीला घेऊन गेलो होतो. तिला धड दिसत नव्हतं पण पायाने चाचपत बरोबर आपल्या घराच्या जोत्यावर जाऊन उभी राहिली. ही ओसरी, हे तुळशीकडे, इथे माड असं बोलत बोलत पुढे निघाली आणि एकदम माझा हात घट्ट धरून म्हणाली, पुढे जाऊ नको, इथे बांय. मी बघतो तर खरंच तीन पावलांवर विहीर होती. चिऱ्यांनी बांधलेली, कठडा कधीच गेलेला, तोंड जमिनीच्या पातळीला आणि आत गढूळ पाणी. मी फोटो काढण्याच्या नादात सरळ तिच्यातच गेलो असतो.

ताई, जानेवारीत हे सगळं पाण्याखाली असतं. काठावरून तुम्हाला दिसतं फक्त सपाट पाणी आणि खाली शेताच्या मेरा म्हणजे बांध, घरांच्या भिंती, तोडलेल्या झाडांचे बुंधे, विहिरी आणि ह्या सगळ्याच्या मधून जुनी नदी गेलेली असते तिचं खोल पात्र. गुडघाभर पाण्यात मेरेवरून चालणारा मुलगा पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातो, उतार असा मिळतच नाही. आम्ही कुर्डीची माणसं, आम्हाला नदी कुठे होती माहीत आहे, तरी आमच्यातलं कोणी त्या पाण्यात उतरत नाही.

दुसरं म्हणजे काठ. पाणी जसं उतरतं तशी काठाची जमीन उघडी पडते, वरून वाळून पापुद्रे सुटलेली, चालायला घट्ट वाटते. खाली गाळ असतो. माझा मावसभाऊ पाण्याकडे चालत गेला आणि मांडीपर्यंत आत गेला, जितका पाय उपसायला जोर लावायचा तितका दुसरा पाय खाली. शेवटी त्याला छातीवर आडवं पडायला सांगितलं आणि बांबू सरकवून ओढला, तेही आम्ही चौघं होतो म्हणून. लहान मुलाचं वजन कमी म्हणून तो जास्त लांब जातो आणि मग रुततो, हे लक्षात ठेवा.

साळावलीला दिवसा जरूर जा, बाग आहे आणि तो गोल सांडवा मुलांना दाखवाच. धरण भरलेलं असताना पाणी त्या चोचीसारख्या तोंडातून आत कोसळतं, ते बघायला पावसाळ्यातच आलं पाहिजे. पण पोहायची जागा ती नाही. हे पाणी दक्षिण गोव्याच्या नळाला येतं, मडगावच्या माणसाचा सकाळचा चहा त्याच्यावर होतो, त्यामुळे काठाला साबण, भांडी, बाकीचं सगळं तर नकोच.

पोहायला_शिकवतो

वरच्या दोघांनी जागेचं सांगितलं, मी मुलांचं सांगतो, २० वर्षं मुलांना पाण्यात उतरवतोय.

२५ मीटर पूल म्हणजे काय ते आधी नीट बघा. मूल भिंतीला ढकलून निघतं, खाली पांढऱ्या लाद्या आणि काळी रेघ दिसत असते, दमलं तर हाताच्या अंतरावर कडा असते आणि काठावर मी उभा असतो. धरणात ह्यातलं एकही नाही. पाण्यात हात घातला तर कोपराच्या पुढे दिसत नाही. कडा कुठली धरणार? आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, समुद्राचं खारं पाणी अंगाला उचलून धरतं, गोड्या पाण्यात तोच माणूस जरा खाली बसतो, समुद्रात तरंगायची सवय असलेला इथे लवकर दमतो. ओढ नाही हेही पूर्ण खरं नाही, पाणी सोडायच्या दारांजवळ आणि पाणी उचलायच्या मनोऱ्याजवळ खालून ओढ असते आणि ती वरून दिसत नाही.

आणि बुडणारं मूल ओरडत नाही हो. लोकांना वाटतं हात हलवेल, हाका मारेल. त्याचं तोंड पाण्याच्या वर आलं की ते श्वास घेतं, ओरडायला वेळच नसतो. मान मागे, तोंड उघडं, हात पाणी खाली दाबत असतात, जणू शिडी चढतंय, आणि हे सगळं अर्ध्या-एक मिनिटात संपतं. म्हणून सहा मोठी माणसं काठावर गप्पा मारत असली म्हणजे सहाजण लक्ष ठेवून आहेत असं होत नाही, कोणाचंच लक्ष नसतं. एकाने गळ्यात शिट्टी अडकवायची, मोबाईल दुसऱ्याकडे द्यायचा, १५ मिनिटं फक्त मुलं मोजायची, मग शिट्टी पुढच्याच्या हातात. जो शिट्टीवर आहे त्याने बियर घेतलेली नको, आणि खरं तर मुलं पाण्याजवळ असेपर्यंत कोणीच नको.

कोणी बुडताना दिसलं तर मागून उडी मारू नका, आपल्याकडे एकाच्या मागे दुसरा जातो तो असाच. आधी पोचण्यासारखं असेल तर पालथं पडून बांबू, ओढणी, काहीही पुढे करा. लांब असेल तर फेका. ५ लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्यात तांब्याभर पाणी ठेवा म्हणजे वाऱ्यावर भरकटत नाही, झाकण घट्ट, मुठीला १५ मीटर दोरी. पैसे लागत नाहीत आणि मोठ्या माणसालाही तरंगत ठेवतो. घरी अंगणात दोनदा फेकून बघा.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायचं नाही, पाय धरून गरगर फिरवायचं तर मुळीच नाही, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी हॉस्पिटलात न्यायचाच, फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

म्हार्दोळचो_जुनो

सगळं पटतं पण जरा जास्त होतंय असं मला वाटतं. आम्ही तळीत, ओहळात, विहिरीत पोहूनच मोठे झालो, आमच्या कमरेला सुके नारळ बांधून मामाने ढकललं होतं. सांजांव सणाच्या दिवशी पोरं विहिरीत उड्या मारतात, गोव्याच्या माणसाला पाण्याची इतकी भीती कधीपासून लागली? उद्या मुलं पाण्याजवळ जायलाच घाबरतील.

हळदोण्याची_मावशी

दादा, तुमचं मनापासून पटतं, मीसुद्धा विहिरीतच शिकले. पण सांजांवाला जी विहीर असते ती त्या वाड्याची असते, कोणती पायरी तुटलीय, पाणी किती पुरुष हे उडी मारणाऱ्याला लहानपणापासून पाठ असतं आणि वर सगळा वाडा उभा असतो. धरणाला आपण पाहुणे म्हणून जातो.

माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी एका धरणावर गेलो होतो, नाव घेत नाही, कॅम्पवाल्याचंही घेत नाही. पैसे घेताना लाईफ जॅकेट आहेत म्हणाला, तिथे गेल्यावर दोनच निघाली, दोन्ही मोठ्या माणसाची आणि एकाचं बक्कल तुटलेलं. माझा भाचा दहा वर्षांचा. आम्हाला वाटलं हवेची ट्यूब आहे, काठालाच बसेल. सकाळी पाणी अगदी स्थिर होतं. बारा वाजता डोंगरावरून वारा सुटला, आम्ही जेवण वाढत होतो, आणि बघितलं तर ट्यूब पन्नास हात आत. तो हसत होता, त्याला काही कळलंच नव्हतं. माझे मिस्टर उडी टाकून गेले, चांगले पोहतात, पण ते जितके जवळ जायचे तितका वारा ट्यूबला पुढे न्यायचा, अर्ध्यावर त्यांचे हात थांबलेले मला काठावरून दिसले. दोघांच्या मधे रिकामं पाणी आणि मी काठावर हातात भाताचा डाव धरून उभी. समोरच्या काठाला एक माणूस जाळं सोडवत होता, त्याने होडी काढली, आधी मिस्टरांना धरायला वल्हं दिलं आणि मग पोराला गाठला. वर आल्यावर एवढंच म्हणाला, "उदकांत देंवूं नाकात, बाय", पाण्यात उतरू नका. त्याचे पाय धरले मी.

म्हणून ट्यूब, हवेचा हंस, हवेची गादी ह्यातलं काहीच नेऊ नका, ती वाऱ्याची वस्तू आहे. जॅकेट असेल तर ते मुलाच्या मापाचं, सगळे पट्टे लावून मग खांद्याला धरून वर उचलून बघायचं, हनुवटी आत गेली म्हणजे मोठं आहे, चालणार नाही. आणि मुलांना पाण्याची भीती लागायला नको असेल तर मयेला न्या, तिथे तलावात होड्या आहेत, 'दृष्टी' कंपनीचे जीवरक्षक असतात, किंवा उन्हाळ्यात वेर्णाच्या केसरव्हाळला झरीखाली बसवा.

म्हार्दोळचो_जुनो

मावशी, वाचून अंगावर काटा आला. मी माझं म्हणणं मागे घेतो. एक भर घालतो, धरण नको म्हणून कोणी मुलांना बंद पडलेल्या चिरेखाणीत नेऊ नका, पाणी हिरवंगार आणि छान दिसतं पण चारही बाजूंनी कापलेल्या सरळ भिंती, आत पडलेल्याला वर यायला धरायला काही नसतं. आमच्या भागातली दोन पोरं गेली तशी. पावसाळ्यात कलेक्टरचे बंदीचे आदेश निघतात ते नदी, धबधब्यांसोबत ह्या खाणींसाठीही असतात.

केरीकार

अजून एक, मगर. आमठाणे धरणाला लोकांनी बघितलीय आणि कुंभारजुव्याच्या खाडीत तर आहेतच. दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, मांगेथापणी म्हणतात, म्हणजे आपली जुनी माणसं तिचा मान ठेवूनच पाण्याकडे जायची. संध्याकाळी आणि पहाटे काठाला मासे साफ करत बसू नका.

फोंड्याची_आई

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. कुर्डीची विहीर आणि मावशींचा भाताचा डाव, हे दोन्ही मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून माळ्यावरून दोरी काढली.

ठरलं ते असं. रात्र सत्तरीत कुळागरात, केरीकार दादा तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर मेसेज करा. अंजुणे सकाळी वरून बघायचं, पाण्याला हात नाही. दुसऱ्या दिवशी येताना मये, होडीत बसायचं आणि परत. साळावली मे महिन्यासाठी ठेवलं, मुलीला कुर्डी बघायचीच आहे म्हणते, भाचा दादा तेव्हा तुम्हाला विचारेन.

दोन बारीक प्रश्न राहिले. रात्री थंडी किती असते, तंबूत छोटी कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का? आणि सापांचं काय?

केरीकार

शेगडी तंबूत अजिबात नको ताई, विझत आलेला कोळसासुद्धा नको. बंद तंबूत त्याचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही. घाटाखाली पहाटे धुकं पडतं, गारवा चांगलाच असतो, दोन चादरी आणि एक गोधडी जास्त घ्या. सापांसाठी तंबूची चेन कायम लावलेली, बूट आत, सकाळी झटकून घालायचे, लघवीला जाताना टॉर्च पायापुढे मारत जायचं. मण्यार बहुतेक वेळा रात्री झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही, म्हणून उघड्यावर चटई टाकून झोपायचा हट्ट मुलांनी केला तरी ऐकू नका. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हलवायचं कमी आणि सरळ वाळपईच्या हॉस्पिटलात. काही ठिकाणी रेंज नसते, ती कुठे मिळते ते गेल्या गेल्या घरमालकाला विचारून ठेवा. जागेचं मेसेजमध्ये पाठवतो.

फोंड्याची_आई

उघड्यावर झोपायचं माझंच स्वप्न होतं हो, पण तंबूला वरून जाळी आहे, त्यातून चांदणं दिसेल. मयेला होडीसाठी मुलांच्या मापाची जॅकेट तिथे मिळाली नाहीत तर? कोणाकडे दोन दिवसांपुरती मिळतील का, भाड्याने चालतील.

पोहायला_शिकवतो

माझ्याकडे मुलांची चार आहेत, भाडं नको. पाचही मुलांची वजनं कळवा, वयावरून माप घेत नाहीत. सगळ्यात लहान १८ किलोच्या आत असेल तर त्याच्यासाठी दोन पायांमधून पट्टा येणारं लागेल, ते माझ्या बहिणीकडून आणून ठेवतो. शनिवारी संध्याकाळी मुलांना घेऊनच या, घालून, उचलून बघू आणि दोरीचा कॅनही आणा, दोघातिघांना फेकायला शिकवतो.